काचेवरची निळी रेघ

फेब्रुवारीतला तो गुरुवार रोजच्यासारखाच होता. ओमानमधल्या खाबुऱ्याच्या अलीकडच्या पेट्रोलपंपावर एक पांढरं पिकअप उभं होतं, आणि शेजारच्या सीटवर मी पडलो होतो. मुनीरने हॉर्न वाजवून चहा मागवला होता. इथे तशीच पद्धत आहे, गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न दिला की चहा गाडीपाशी येतो. चहावाला मलबारी कागदी पेला घेऊन आला तेव्हा मुनीरचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं.

"भाई, चाय," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग त्याने पेला गाडीच्या टपावर ठेवला आणि मुनीरचा खांदा हलवला.

मुनीरच्या खिशातला फोन काढून त्याने शेवटचा नंबर लावला. पलीकडे हुसैनमियाँ होते, मुनीरचे थोरले भाऊ. मस्कतच्या वादी अदाई भागातल्या गॅरेजमध्ये लिफ्टखाली उभे असावेत, कारण मागून हवेच्या पंपाचा आवाज येत होता.

"हलो, ये आदमी उठता नहीं," मलबारी म्हणाला.

"उठवा साल्याला! रातभर जागतो न् दिवसा पेंगतो. कान ओढा त्याचा."

"भाई," मलबाऱ्याचा आवाज खाली आला, "ये उठेगा नहीं."

पंपाचा आवाज चालूच राहिला. बातमी घरी येते तेव्हा काय होतं ते माणसं नेहमी सांगतात. बातमी जिथून निघाली, तिथे मी होतो.

मी एक प्रेशर गेज. तळहाताएवढी गोल पोलादी डबी, वर काच, आत पांढऱ्या तबकडीवर शून्य ते तीनशे आकडे आणि एक काळा काटा. बंद नळीतलं तेल किंवा वायू किती जोर लावतो आहे, तेवढं मी दाखवतो. तो जोर का कमी झाला हे मला सांगता येत नाही. ते माणसाने ओळखायचं.

त्या दिवशी माझ्या काचेवर, पन्नासच्या आकड्यापाशी, एक निळी रेघ होती. तिच्यासाठीच मी आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या नळीवर. मासळीच्या पेट्या भरायला पहाटेपासून माणसं यायची, आणि येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून जायचा. तिथेच एकोणीस वर्षांचा मुनीर कामाला लागला. राजिवड्याचा पोरगा, हातापायांनी काटकुळा. तो नुसतं बघायचा नाही. तो माझ्यासमोर उभा राहून विचार करायचा.

पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. मालकाने मुनीरला विचारलं, "तुला काय हवं?" त्याने मला मागितलं. मालक हसला. टॉवेलात गुंडाळून मुनीर मला घरी घेऊन गेला, आणि दोन वर्षांनी त्याच टॉवेलात मी मस्कतला आलो.

हुसैनमियाँ तेव्हा इथे चांगले रुळले होते. मुनीरपेक्षा अकरा वर्षांनी थोरले. वादी अदाईतलं त्यांचं गॅरेज सैफ अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या, नावावर होतं, काम मात्र सगळं त्यांचं, आणि तेही फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. या गाड्यांमध्ये गिअर हाताने पडत नाही. तेलाचा दाब क्लचच्या चकत्या आवळून धरतो, तेव्हा गिअर लागतो. दाब कमी पडला की चकत्या घसरतात. घसरल्या की जळतात. इतकं सोपं आहे, आणि त्यात माणसांचे आठवडे जातात.

हुसैनमियाँ दुखणं ओळखायचे ते हाताने, नाकाने आणि कानाने. चालू बॉक्सवर तळवा ठेवायचे. लांब पेचकसाचं एक टोक बॉक्सला आणि दुसरं कानाला लावायचे. तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगायचे आणि म्हणायचे, "करपलेली भाकरी. दुसरा क्लच गेला." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

मुनीर मात्र मला लावायचा. बॉक्सच्या अंगावर एक बारीक भोक असतं, त्याचा पेच काढून माझी नळी जोडायची, मग एकेक गिअर टाकून काटा कुठे जातो ते बघायचं. काटा जिथे थांबेल तिथे तो काचेवर रेघ ओढायचा. त्यासाठी लेकीच्या, उमामाच्या, दप्तरातला निळा मार्कर त्याच्या खिशात असायचा.

"आला डॉक्टर थर्मामीटर घेऊन," हुसैनमियाँ म्हणायचे.

"भाईजान, तुमच्या कानात मळ झाला तर गॅरेज बंद पडंल. माझा कान काचेचा हाय, रोज पुसता येतो."

आणि खरंच तो रोज पुसायचा. संध्याकाळी निघण्याआधी ओल्या फडक्याने माझी काच लख्ख करायची, ही त्याची शिस्त होती. एका गाडीची रेघ दुसऱ्या गाडीला लावायची नाही, असं तो म्हणायचा. कधी विसरलाच तर मला घरी न्यायचा आणि बायकोला सांगायचा, "वजीरा, येवढी काच पूस गं." वजीरा भांडी घासता घासता तेही करून टाकायची.

गॅरेजमध्ये आणखी एक रीत होती. बॉक्सच्या आतलं सगळं काम टेबलावर मुनीर करायचा. चकत्या, सील, स्प्रिंगा, सगळं. पण खालचं झाकण थोरल्याने लावायचं. तेल ओढणारी जाळी बसवणं, तिच्यावर तेलाची परात चढवणं, तेल भरणं, हे हुसैनमियाँचं. 'बिस्मिल्ला' म्हणून ते पहिला बोल्ट लावत. उघडतानाही परात तेच उतरवत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "बॉक्स बंद करायचा मान थोरल्याचा." मुनीरने ते इतकं मानलं, की झाकण लागताना तो बाजूला जाऊन हात धुवायचा. थोरल्याच्या हाताखाली वाकून बघणं त्याला बरं वाटत नसे.

मग ती गाडी आली. सैफ अर्बाबचा पुतण्या अम्मार याची, पांढरी, दोन दारांची, पाव मैलाच्या शर्यतीची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि दहा-अकरा सेकंदांत सगळं संपतं. अम्मारने नवं, दांडगं इंजिन बसवून घेतलं होतं. त्या इंजिनाला जास्त तेल लागणार, म्हणून हुसैनमियाँनी जुनी उथळ परात काढून खोल परात चढवली होती.

पहिल्याच शर्यतीत तिसरा गिअर लागताना इंजिन किंचाळलं आणि गाडी जागच्या जागी रेंगाळली. क्लच जळला होता. मुनीरने नव्या चकत्या घातल्या. पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा गल्लीतल्या पोरांना तोंडं फुटली.

"मुनीर उस्ताद, चकत्या भाजून देता म्हणे? आमच्या दोन टाका, सुलेमानी चहाबरोबर खातो."

मुनीर हसून सोडून द्यायचा. पण काम झाल्यावर त्याच गाडीखाली जायचा आणि मला जोडायचा. लिफ्टवर मी एकशे साठ दाखवायचो. चोख. कधीच कमी नाही. तो माझ्याकडे बघत राहायचा, आणि मला वाटायचं, मी खोटं बोलतो आहे की काय.

"भाईजान," बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, "लिफ्टवर गाडी उभी हाय, म्हणून तेल पण उभा हाय. धावताना बघायला पायजे. लांब नळी लावून गेज काचेला बांधतो न् एक रपेट मारतो."

हुसैनमियाँ दिवसभर अर्बाबचं ऐकून आले होते. पुतण्याची शर्यत तीन आठवड्यांवर होती आणि अर्बाबने बौशरच्या दुसऱ्या गॅरेजचं नाव काढलं होतं. ते हात पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"तीनदा क्लच जाळलास. तीनदा! आता नळ्या न् गेज. तुझ्या हातातली बरकत गेली मुनीर. उद्या गाडी अर्बाबच्या शेतावर सोड न् परत ये. हात लावू नको. परवापासून तू फक्त तेल बदल."

मुनीरने मला टॉवेलात गुंडाळलं.

गुरुवारी पिकअपमागच्या ट्रेलरवर गाडी चढवून तो खाबुऱ्याला गेला. अर्बाबच्या शेताला लागून दोन किलोमीटर सरळ, पक्का रस्ता आहे. तिथे त्याने गाडी उतरवली. आणि मग त्याने माझी आखूड नळी काढून एक लांब नवी नळी जोडली. बॉक्सपासून खिडकीपर्यंत पोचणारी. मला चिकटपट्टीने समोरच्या काचेला बांधलं आणि स्टिअरिंगशी तो एकटाच बसला.

मी बर्फाच्या कारखान्यात होतो, शेकडो गाड्यांखाली लोंबलो होतो, पण धावलो कधी नव्हतो. गाडीने झेप घेतली. पहिला गिअर, दुसरा, आणि माझा काटा एकशे साठवरून कोसळला. शंभर, सत्तर, पन्नास. मला आतून कळत होतं. नळीत तेलाऐवजी हवेचे बुडबुडे येत होते. तिसरा लागायच्या आत मुनीरने पाय काढला.

त्याने गाडी थांबवली. मार्करचं झाकण दातांनी उपटलं आणि पन्नासवर रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली. मला वाटलं, आनंदाने. आता वाटतं, फक्त आनंदाने नसेल.

"भाईजानला सांगतो," तो मला म्हणाला.

त्याने फोन लावला. पलीकडून कापला गेला. गाडी शेतावर सोडून, पिकअप घेऊन पंपावर आला, पुन्हा लावला, पुन्हा कापला गेला. मग तो छातीवर मूठ दाबून थोडा वेळ बसला, आणि त्याने चहासाठी हॉर्न वाजवला.

शुक्रवारी नमाजानंतर अमरातच्या कब्रस्तानात त्याची माती झाली. वय अडतीस.

नळीसकट मी, मार्कर, फोन, पाकीट आणि टॉवेल एका प्लास्टिकच्या पिशवीतून वजीराकडे गेलो. तिची इद्दत सुरू झाली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर, दिरासमोरही, यायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी उघडली. पाकीट पुसून ठेवलं. टॉवेल धुतला. मग मला हातात घेतलं आणि तिला माझी काच दिसली.

मळलेली. रेघ तशीच.

ती नळापाशी गेली. मला कळलं ती काय करणार आहे. माणसाला ओरडता येतं, मला फक्त काटा आहे, आणि नळीत जोर नसला तर तोही हलत नाही. थांब, वजीरा. ही रेघ नाही, हे त्याचं शेवटचं बोलणं आहे. कुणाला तरी दाखव, मग पूस. पण ती हलक्या आवाजात म्हणत होती, "रोज पुसायचे. परवा राहिला. तेवढाच काम राहिला त्यांचा." साबणाचा फेस निळा झाला, रेघ फिकट झाली, गेली.

नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम तिने पूर्ण केलं. तिला दोष मी कसा देऊ?

इकडे गॅरेजमध्ये हुसैनमियाँनी अर्बाबकडे एक आठवडा मागून घेतला. गाडी शेतावरून परत आणवली, बॉक्स उतरवला, परात बाजूला ठेवली आणि मुनीरच्या टेबलावर मुनीरने जोडलेलं सगळं सुटं केलं. हे मला नंतर गल्लीतल्या बोलण्यातून कळलं. दोन दिवस ते एकेक चकती मोजत होते. एकेक सील भिंगाखाली धरत होते. शेजारचा चंद्रशेखर वेल्डर, पुण्याकडचा, त्यांना भाकरी घेऊन आला तर ते म्हणाले, "एक चूक दाखव मला यात. एक."

"मियाँ, मला गिअरबॉक्समधलं काय कळतंय? जेवा आधी."

"एक तरी असंल."

एकही नव्हती. चूक सापडली असती तर बुधवारचं त्यांचं बोलणं निदान खरं ठरलं असतं. मुनीरने सगळं असं जोडलं होतं, जसं उमामाची वेणी घालायचा तसं. ओढून नाही, सैल नाही.

तिसऱ्या दिवशी हुसैनमियाँ मला मागायला आले. वजीराच्या घराचं दार हातभर उघडं होतं आणि आत पडदा होता. ते बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. पडद्याआडून उमामा मला घेऊन आली. नऊ वर्षांची, शाळेत इंग्रजी, घरी अडखळत मराठी.

"मोठे पप्पा, हा घ्या पप्पाचा गेज. पण माझा मार्कर नको नेऊ. पप्पानी नेला होता, मी मिस केला. टीचर ओरडली."

हुसैनमियाँ मला उलटसुलट करत होते. ते थांबले. "मार्कर नेला होता? गुरुवारी?"

"हो. पिशवीत होता."

त्यांनी माझी नळी हातावर मोजली. एक हात, दोन, तीन, चार. गॅरेजमधली नळी हातभरच होती. ते एकदम वळले, मग आठवण होऊन पुन्हा पाठ केली.

"वजीरा, गेजच्या काचेवर रेघ होती काय?"

आत भांड्याचा आवाज थांबला. "होती."

"कुठं होती?"

"मी पुसली, भाईजान."

"कुठं होती पण? वर, खाली? डावीकडं?"

"मना काय ठाव! मळकी होती काच. ते रोज पुसायचे म्हणून पुसली. निळी होती. कुठं होती ते..." तिचा आवाज फुटला. "काय झाला? काय होता त्या रेघेत?"

"काय नाय."

"तुमी असा विचारता न् काय नाय?"

"आठव, वजीरा. घड्याळासारखा धर. बाराला होती? नवाला?"

"नाय आठवत. अल्ला, नाय आठवत. त्यांचा लिहिलेला मी पुसला काय? भाईजान, सांगा ना, मी काय पुसला?"

हुसैनमियाँनी मला छातीशी धरलं होतं. त्यांच्या छातीतला ठोका माझ्या पोलादाला लागत होता. माझी नळी कशाला जोडलेली नव्हती, नाहीतर मी तो दाखवला असता.

"तू काय नाय केला," ते म्हणाले. "तू आपली इद्दत बघ." आणि ते जिना उतरले.

त्यांनी बॉक्स जसा मुनीरने जोडला होता तसाच पुन्हा जोडला. मग रीतीप्रमाणे जाळी, परात, तेल. बिस्मिल्ला. शनिवारी ते अम्मारला घेऊन त्याच शेताच्या रस्त्यावर गेले. मला काचेला बांधलं, लांब नळीने. अम्मार स्टिअरिंगशी, ते शेजारी, हातात नवा मार्कर.

"काय बघायचं आहे, उस्ताद?" अम्मारने त्याच्या हिंदीत विचारलं.

"जे मुनीरने बघितलं ते. यल्ला, चल."

गाडी सुटली. एकशे साठ. पहिला. एकशे साठ. दुसरा. आणि काटा खाली आला. शंभर, सत्तर, पन्नास. मी दाखवत होतो, आणि दाखवता दाखवता मला वाटत होतं, हे माझं एकदा सांगून झालंय.

"बस! बस! ब्रेक!"

गाडी थांबल्यावर त्यांनी पन्नासवर रेघ ओढली.

अम्मार म्हणाला, "म्हणजे बॉक्स खराब?"

"बॉक्स नाही." ते हळू बोलत होते. "गाडी पुढं झेप घेते तेव्हा तेल मागं पळतं. जाळीचं तोंड उघडं पडतं. तेलाच्या जागी हवा ओढली जाते. दाब जातो, क्लच घसरतो."

"जाळी कुणी बसवली?"

हुसैनमियाँनी मार्करचं झाकण लावलं. "चल," ते म्हणाले. "परत जाऊ."

गॅरेजमध्ये लिफ्टखाली त्यांनी स्वतःच परात एका कडेने सैल करून खाली झुकवली. मी जवळच्या खुर्चीवर होतो. जाळीचं तोंड आणि परातीचा तळ यांच्यामध्ये त्यांनी हात घातला. चार बोटं मावली. खोल परात चढवली तेव्हा जाळीला तेवढाच लांब जोड द्यायला हवा होता. तो परातीच्या खोक्यात आला नव्हता. परात खोल आहे, तेल जास्त आहे, चालून जाईल, असं त्यांनी ठरवलं असणार, आणि नंतर तीनदा क्लच बदलताना तीच आखूड जाळी त्यांनीच पुन्हा पुन्हा बसवली होती. त्या हाताखाली वाकून बघायचं नाही, ही रीत होती. बघायची मुभा असती तर मुनीरला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

त्यांनी चार बोटं तशीच आत ठेवली. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी हात काढला नाही.

चंद्रशेखरने दुपारपर्यंत ॲल्युमिनियमचा जोड करून दिला. त्यानंतरच्या रपेटीत माझा काटा एकशे साठवर असा बसला, जणू कुणी खिळा मारला. ठरल्या दिवशी अम्मारने शर्यत जिंकली. सैफ अर्बाब गॅरेजमध्ये आले, हुसैनमियाँच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्कीन मुनीर. त्याचं काम बिघडलं होतं, तू नीट केलंस. आता खलास."

हुसैनमियाँनी तोंड उघडलं. मी बघत होतो. अम्मार बघत होता. गल्लीतली चार माणसं बघत होती.

"खलास," ते म्हणाले.

गल्लीत मग तेच झालं. भावाने भावाची चूक निस्तरली. चकत्या भाजायची थट्टा बंद झाली, कारण मेलेल्याची थट्टा करत नाहीत. पण तिच्या जागी कीव आली, आणि कीव जास्त वाईट. 'हात चांगला होता बिचाऱ्याचा, शेवटी शेवटी बिघडला.' ही वाक्यं मी रोज ऐकायचो, आणि माझ्या काचेवर मात्र पन्नासची रेघ होती, जी मुनीरच्या बाजूची साक्ष होती. हुसैनमियाँनी ती पुसली नाही. दाखवलीही नाही.

ते वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. वजीराचा व्हिसा इद्दत संपेपर्यंत वाढवून घ्यायला ते किती वेळा अर्बाबच्या दारात उभे राहिले ते मला ठाऊक आहे. दर शुक्रवारी ते जिन्यावर बसायचे, पाठ करून. मासळी आणायचे, उमामाची वही बघायचे. दोनदा तीनदा मला खिशात घालून गेले. प्रत्येक वेळी म्हणाले, "वजीरा, एक सांगायचा होता." ती म्हणायची, "सांगा." आणि ते म्हणायचे, "सुरमई ताजी हाय, आजच कर."

जूनमध्ये इद्दत संपली. वजीरा आणि उमामाला विमानतळावर सोडायला हुसैनमियाँ निघाले. त्या दिवशी त्यांनी मला डॅशबोर्डवर ठेवलं होतं, नव्या रुमालात. मला वाटलं, आज. तिला देणार, रेघ दाखवणार, सगळं सांगणार.

बौशर मागे पडलं. वजीरा मागच्या सीटवर होती, डोक्यावर पदर, मांडीवर उमामाचं दप्तर.

"भाईजान."

"हां."

"त्या गाडीत शेवटी काय निघाला?"

ते आरशात बघत होते. "तेलाचा काम होता."

"तेलाचा म्हणजे? त्यांची चूक होती काय?"

पुढे गोल चौक आला. त्यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला, काढला, पुन्हा दिला.

"मना कळायला पायजे," ती म्हणाली. "बुधवारी ते जेवले नाय. म्हणाले, भाईजान म्हणतात माझ्या हातातली बरकत गेली. मी म्हटला, थोरले हायत, बोलतात, उद्या विसरतील. रातभर बसून होते. मी ती रेघ पुसली नसती तर कळला असता ना? मीच घालवला."

"तसा नाय."

"मग कसा?"

"उमामाचा पासपोर्ट घेतलास ना?"

"घेतला."

थोड्या वेळाने उमामा आईला म्हणाली, दबक्या आवाजात, "मम्मी, मोठे पप्पा आन्सर नाय देत."

"गप ऱ्हा," वजीरा म्हणाली. "गाडी चालवतायत ते."

सामान उतरलं. उमामाने मागे वळून हात हलवला. काचेची दारं उघडली, मिटली. हुसैनमियाँ गाडीत येऊन बसले, रुमाल उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ती रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता गॅरेजमध्ये आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं आहे. मी भिंतीवर असतो. माझी नळी तडकली आहे, आणि तबकडीवर आतून ओल धरली आहे. हुसैनमियाँ आता बॉक्स स्वतः बंद करत नाहीत. कामाला ठेवलेल्या माणसाला झाकण लावायला सांगतात आणि वाकून, बॅटरी पाडून, स्वतः बघतात. ईदला वजीराला फोन करतात. तब्येत विचारतात, पावसाचं विचारतात. मी भिंतीवरून ऐकतो.

तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीला गेलात, तर राजिवड्यात मुनीरची वजीरा कुठे राहते म्हणून विचारा. तिला सांगा, त्याच्या हाताची एकही चूक नव्हती. सांगा, की बिघाड शोधूनच तो परत निघाला होता. सांगा, की तिने काही घालवलं नाही.

मला सांगता येत नाही, आणि हुसैनमियाँनी अजून सांगितलेलं नाही.